प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत आहे

— नाही नाही, बोलू नका, सुई आत्ताच बाहेर काढलीये, जीभ चावाल. भूल चढायला दहा मिनिटं लागतात. आणि तो हात खाली ठेवा. मुठीत चिठ्ठी आहे ते कळलं मला, चिठ्ठ्या बाहेर बाईंकडे द्यायच्या असतात — असू दे, नंतर बघू. काय म्हणत होतो? हां, तो नकाशा. तुम्ही आत आलात तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर तुमचा एक्स-रे नव्हता, नकाशा होता, आणि तुम्ही तो पाहिलात. आता लपवून काय उपयोग. राज्य चालवायचा गेम आहे. डॉक्टर या वयात गेम खेळतो — खेळतो, काय बिघडलं? दात काढण्यापेक्षा राजे काढलेले बरे, ओरडत तरी नाहीत.

आणि गेम म्हणजे काय साधासुधा नव्हे बरं. दोनशे मंत्री, आणि प्रत्येकाला स्वतःची आठवण. तुम्ही वीस वर्षांपूर्वी एखाद्याला सभेतून उठवलंत ना, तो विसरत नाही — त्याचा मुलगासुद्धा विसरत नाही. साबण महागला तर डोंगरापलीकडचा प्रांत बंड करतो. ज्यानं हा गेम बनवला तो एक तर फार मोठा माणूस असणार, नाहीतर एकत्र कुटुंबात वाढलेला. पण हाव किती करावी? एक चाल खेळायला चाळीस मिनिटं. माझा अर्थमंत्री मेला — चांगला इतमामानं पुरला — आणि तीन वर्षं सभेला हजर. खोटं कशाला सांगू, कारभार सुधारला. सैन्य होड्यांशिवाय समुद्र ओलांडतं. आणि निरोप! निरोप वाटेत अडकतात. समोरच्यानं चाल केली तरी इथे आपलं ‘प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत आहे’. गेम बंद करून पुन्हा उघडला की मगच खरं काय ते कळतं.

आ करा जरा. बधिर वाटतंय? ओठ जड? नाही? मग थांबू.

सगळ्यात मोठी खोट सांगू का — इथंच घोडं पेंड खातं. दुसऱ्या राजाशी वागायचे एकेचाळीस पर्याय आहेत, मोजलेत मी. धमकी द्या, मुलगी द्या, हेर पाठवा, तह करा, तह मोडा. माफी मागा — हा पर्यायच नाही. दोनशे मंत्र्यांचे गुडघे कधी दुखतात ते लिहिलंय आणि एवढं साधं राहून गेलं. आता तुम्ही म्हणाल, यांना कशाला हवी माफी. मला नकोय. मी एक तक्रार म्हणून सांगतोय.

समोर कोण खेळतं? दादा. माझा थोरला भाऊ. तोही दातांचाच डॉक्टर. ही फरशीतली चार भोकं बघा — मान नका हलवू, नुसते डोळे — तिथे त्याची खुर्ची होती. बोल्टांची भोकं आहेत ती. तो दाढा भरायचा, मी दातांच्या मुळांतल्या नळ्या साफ करायचो, रूट कॅनाल म्हणतात ते, तेरा वर्षं. मग आमच्या डॉक्टरांच्या संघटनेची निवडणूक आली, दादा अध्यक्षपदाला उभा, आणि माझ्या हातात अकरा मतं. मी ती पलीकडे दिली. कशासाठी? चिटणीसपदासाठी. दादा चार मतांनी पडला. केसानं गळा कापला म्हणतात ना, तसा — पण केस माझे, गळा घरचा. तो रविवारी येऊन खुर्ची उचलून घेऊन गेला.

पण गेम चालू राहिला, ही गंमत बघा. दोन वर्षं बोलणं नाही, वहिनी रस्त्यात दिसली तर रस्ता बदलते, आणि चाल मात्र रोज येते. दादा बरा आहे, जेवला असेल, चिडलाय — सगळं मला चालीवरून कळतं. आमचा तह होता, म्हणून त्यानं एक बंदर उघडं ठेवलं होतं, दीपगृहाचं. पहारा नाही, काही नाही. डाव माझ्याकडे झुकायला एकच बंदर कमी पडत होतं. घेतलं. पुन्हा तेच केलं हो मी. अकरा दिवस झाले, त्याची चाल नाही. बंद करून पुन्हा का नाही उघडला? अहो, उघडला आणि त्यात आलं की त्यानं डाव सोडला — मग? ‘वाट पाहत आहे’ हे काय वाईट आहे? बरं आहे ते. राहू दे तसंच.

चला, आ करा. मोठा. दिवा इकडे — हं. ही शेजारची कुणी भरली? खाचा कोरल्यात हिच्यावर. हल्ली कुणी कोरत नाही, सपाट थापतात नि मोकळे होतात. आणि मागच्या खाचेला ही बारीक शेपटी… कधी भरली? बोलू नका, बोटं दाखवा. तीन आठवडे? आणि आज दादानंच पाठवलं तुम्हाला? इकडे? स्वतः?

द्या ती चिठ्ठी. अहो मग आधीच नाही का द्यायची — बरोबर, मीच म्हणालो.

‘खालची उजवी सहावी. नळ्या चार आहेत. तू तीनवर थांबशील, थांबू नकोस. चाल अकरा दिवस तुझ्याकडे आहे. गेम एकदा बंद करून उघड, गाढवा.’

गाढवा लिहिलंय.

बाई, बाहेरच्यांना बसवून ठेवा जरा. तुम्ही तोंड मिटा, अजून चढायचीये भूल. मी एवढं एक बंद करून उघडतो. आणि दोन मिनिटं बोलू नका माझ्याशी.