बाईंच्या आवडीची भाकरी

हसणार नसाल तर सांगते. शिक्षकदिनाला बाईंना सगळे शाली देतात, म्हटलं आपण त्यांच्या आवडीचं न्यावं. वळसंगच्या शाळेत माझ्या डब्यात रोज कडक भाकरी नि चटणीच असायची. बाई ती मागून घ्यायच्या आणि आपली तूप लावलेली चपाती मला द्यायच्या. म्हणायच्या, "मला कडक भाकरी लई आवडते गं!"

परवा भाकऱ्यांची चवड घेऊन जुळे सोलापूरला त्यांच्या घरी गेले. दार बाईंच्या मिस्टरांनी उघडलं. पिशवीत डोकावून म्हणाले, "कडक भाकरी? आमची ही तर घरात कधी तोंडाला लावत न्हाय की!"

तेवढ्यात बाई कवळी बसवत बाहेर आल्या नि त्यांच्यावर खेकसल्या, "तुमी गप बसा की! आण गं इकडं. लई आवडते मला."