जळकी तुळई

वैजनाथ : ...तर काकू, जळालेल्या खोलीचं आमचं जमलं. तुमच्या बाजूनं मी, विमा कंपनीच्या बाजूनं या मंजुषाबाई. दोघांचा आकडा एक झाला. आता मुरुमहून महालिंगप्पांना तिसरा पंच म्हणून बोलवायची गरज न्हाय.

सारजाबाई : मग तोंडं का पाडून बसलाव दोघं?

मंजुषा : तुळई राहिलीय. पहिल्या सर्व्हेअरनं ती साध्या लाकडात धरली, तिथूनच वाद लागला. सागवान आहे, मला मान्य. पण मग उरलेल्या तुकड्यालाही किंमत येते. तुम्ही ठेवलात तर तेवढी भरपाई कमी. नाहीतर कंपनी उचलून नेते.

सारजाबाई : नेऊ नका.

वैजनाथ : अर्धी जळलीय, काकू. काय करणार तिचं?

सारजाबाई : भूकंपात जुनं घर पडलं, तवा यांनी ढिगाऱ्यातून ओढून काढली ती. आपल्या सास्तुरात समदे डोक्यावर जड काय नको म्हणायचे, जो तो पत्र्यात. आन् यांनी नव्या खोलीला तीच चढवली. म्या भांडले. लेकरं घिऊन अंगणात झोपायची.

मंजुषा : आणि काका?

सारजाबाई : एकटे तुळईखाली. पडली तर आधी माझ्यावर पडू दे म्हणायचे. थंडी पडली तवा दारातनं हाक मारली, ‘सारजे, धरलंय हिनं. आण लेकरं आत.’ त्या रात्री लई दिसांनी बिनघोर झोपले बघा.

मंजुषा : माझी आई अजून पत्र्याखालीच झोपते, लोहाऱ्याला. स्लॅबच्या घरात जीव घाबरतो म्हणते.

वैजनाथ : मंजुषाबाई, असं करू. तुळई जळून खाक, उरलेल्याची किंमत शून्य. म्हणजे कपात न्हाय, अन् तुकडा इथंच ऱ्हाईल.

मंजुषा : निम्मी शाबूत आहे हो ती... बरं. लिहा. मी सही करते.

सारजाबाई : थांब गं बाई. शून्य म्हंजे?

वैजनाथ : म्हंजे तिला आता मोल उरलं न्हाय, असं कागदावर. तुमचाच फायदा, काकू.

सारजाबाई : वैजू, तूच भांडलास ना सागवान हाय म्हणून? काय असंल ती किंमत लिव.

मंजुषा : पैसे कमी मिळतील, काकू.

सारजाबाई : मिळू दे. जिच्याखाली माझी लेकरं झोपली, तिला शून्य लिवू नका.