पोलवरून पडले नाही मी!

नाही हो, पोलवरून नाही पडले मी! कितीदा सांगायचं? भाजीवालीला सांगून झालं, एक्स-रे काढणाऱ्याला सांगून झालं, सांगलीतल्या आख्ख्या विश्रामबागेला सांगून झालं, आता तुम्ही आलाय तर तुम्हालाही सांगते... बसूनच सांगते हं, उठायला लावू नका... पोलवरून पडले नाही, म्हशीनं पाय दिला!

हां, हसा! सगळेच हसतात. बाई पोल डान्स शिकते आणि बाईचा पाय मोडतो, म्हटल्यावर लोकांना दुसरं काही सुचतंय होय? अहो, कुंडलला गेले होते सासरी, सणाची, चांगली साडी नेसून. माझ्या सासूबाई, शालूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या म्हणाल्या, 'क्रांते, गंगीम्होरं तेवढी पेंड ठीव गं.' ठेवली. गंगीनं पेंडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि निवांत आपला पुढचा पाय माझ्या पायावर ठेवला. आणि काढला नाही! मी बोंबलतेय, ती खातेय, मी बोंबलतेय, ती खातेय... हाड मोडलं! तर आत्या पहिलं काय म्हणाल्या असतील? 'आमची गंगी तसली न्हाई! तूच सांगलीत त्या खांबावरनं पडली असशील आन् हितं येऊन आमच्या म्हशीवर घालाय लागलीस!' आता मला सांगा, चप्पल शेणात, पाय म्हशीखाली, आणि मी पडले सांगलीत?

डॉक्टर म्हणाले, हाड जुळेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी रडकुंडीला! दसऱ्याच्या सुमारास आमच्या क्लासचा पहिला कार्यक्रम. हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल, मधोमध स्टीलचा उभा पोल, आम्ही चार बायका, आणि शिकवायला जतची माया मॅडम. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण आवाज असा की दुकानातले खिळे हलतात. तिला फोन केला, रडले. तर ती म्हणते, 'ताई, पाय जमिनीला टेकवायचा नाही ना? मग आपल्याकडं कुठं टेकवतो आपण?'

तुम्हाला सांगते, एवढं शहाणं वाक्य मी आख्ख्या दवाखान्यात ऐकलं नव्हतं! हेच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, 'हाताचं काय ते करा. पण चढवायला-उतरवायला माणसं पाहिजेत. उडी मारलीत तर माझ्याकडं येऊ नका.'

आता माणसं कुठली? एका बाजूनं माया मॅडम, दुसऱ्या बाजूनं? आमचे हे, ऋषिराज... 'मी? बायकांच्या क्लासात?' म्हणून असे मागं सरकले, जणू गंगीच आली अंगावर. राहिल्या आत्या. त्या आल्या होत्या माझी सेवा करायला आणि जाता जाता माझा क्लास बंद करायला! पहिल्या दिवशी दारातच डोळ्यावर पदर, 'आगं बया, ह्या पोरींनी पायात काय घाटलंच न्हाई की गं!' मी सांगितलं, आत्या, तोकडं घालावंच लागतं, कातडी पोलला धरते म्हणून माणूस वर टिकतं. आम्ही अंगाला क्रीमसुद्धा लावून येत नाही, घसरायला होतं. 'काय बी सांगतीस!' म्हणाल्या. पण पदर जरा खाली आला.

तुम्ही म्हणाल, एवढा कसला हट्ट? सांगते की. घरात मी कोण होते? पेशंट! पाणी मागून घ्यायचं, उठताना सांगून उठायचं, आल्यागेल्यानं प्लास्टरवर हात फिरवून 'बिचारी' म्हणायचं. आणि पोलवर? दोन हातांनी पोल धरला, मांड्या आवळल्या, खालची फरशी सुटली, की मी कुणाची बिचारी नाही. तेवढा वेळ अंगाचं ओझं वाटत नाही आणि मनाचंही नाही. तेच सोडून दिलं तर माझ्याजवळ राहतंय काय, हे प्लास्टर? नाही सोडणार म्हणजे नाही सोडणार!

आणि आत्या बदलल्या बघा. आठवडाभरात, एका बाजूनं मला चढवून झालं की खुर्चीवरून हुकूम सुटायला लागले, 'कंबर ढिली पडली गं, आवळ! पाय जप! मायाबाई, हिला अजून वर चढवा, लय खाली बसलीया!' पण जिन्यात शेजारीण भेटली, 'सूनबाई पोलवरून पडल्या ना?' की ह्या गंभीर, 'व्हय बाई, पडली. म्हस कशाला दील पाय?' म्हणजे सासू सुधारली, पण म्हशीला बोल लागता कामा नये!

राहिले मामा, म्हणजे सासरे, नाथाजी. मिलिटरीतनं सुभेदार होऊन रिटायर. डान्स म्हटल्यावर त्यांनी फोनच ठेवून दिलेला. मग आमच्या ह्यांनी डोकं चालवलं, 'आबा, मल्लखांबच म्हणायचं, फकस्त लोखंडाचा!' झालं! मामा लहानपणी तालमीत मल्लखांब करायचे. खंडेनवमीला सकाळीच पिशवी घेऊन सांगलीत हजर! नेमका संध्याकाळी आमचा कार्यक्रम. मी म्हटलं, मामा आले, माझ्यासाठी आले, ह्याहून काय पाहिजे?

दुपारी कुणाला न सांगता गेले हॉलवर. खंडेनवमी नाही का, हत्यारं-अवजारं पुजायची! त्यांनी पोल पुजला. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला. एवढ्यावर थांबतील तर सुभेदार कसले! पोलवरून हात फिरवला आणि चरकले म्हणे. एवढा कोरडा खांब! पोरीच्या मांड्या सोलून निघतील! तालमीतला मल्लखांब कसा, एरंडेल पिऊन तुकतुकीत असायचा. पिशवीतनं बाटली काढली, स्टुलावर चढले, आणि माळेच्या वर हात पोचेल तिथपर्यंत एरंडेल चोळलं. अहो, मनापासून चोळलं!

संध्याकाळी माया मॅडमनी माळ काढली, खालचं हळदकुंकू पुसलं. वर कोण बघतंय? स्टील काय, चमकायचंच. आजारी म्हणून पहिला नंबर माझा. गाणं लागलं, माया मॅडम आणि आत्यांनी मला उचललं, मी वर हात घातला, पकडलं, मांड्या आवळल्या, दोघी बाजूला झाल्या, आणि तुम्हाला सांगते... सुर्रर्रकन खाली! प्लास्टरचा पाय तेवढा वर धरला हो मी, डॉक्टरांची शपथ, पण दुसरा कुठं ठेवणार? टेकला तो वाकडा! मुरगळला, सुजला, भोपळा झाला!

मामा हातात ती बाटली घेऊन उभे. ताठ माणूस, पण माझ्या पायाशी वाकले. 'सूनबाई, तुला रुतू नये म्हणून लावलं गं...' माझा राग कुठल्या कुठं गेला. ह्या घरात मी आल्यापासून माझ्या कुठल्या छंदासाठी कुणी स्टुलावर चढलं नव्हतं. मी रडले. पायासाठी नाही रडले.

तेवढ्यात तीच शेजारीण पुढं! 'पोलवरून पडल्या ना?' मामांनी मान खाली घातली. आणि आत्या पुढं झाल्या, कमरेवर हात, 'पोलवरनं कुठं? म्हशीनं पाय दिला!'

'अहो, पण ह्यावेळी हा पाय...'

'मग? आमच्या गंगीला म्होरं दोन पाय हायत की!'

आणि लगेच मॅडमकडं वळून, 'मायाबाई, पाय दोन्ही गेलं तरी हात हायत न्हवं? उद्या किती वाजता आणू हिला?'

तर असं आहे. आयुष्यात एकदा, एकदाच, खरोखरची पोलवरून पडले, आणि तेच सांगायची चोरी! तुम्ही घरचे म्हणून बोलले. बाहेर कुणी विचारलंच, तर पोलवरून पडले नाही हो मी... म्हशीनं पाय दिला. दोन्हीवर.