भाऊकाकांचा बेसबॉलवरचा राग

आमच्या शेजारच्या भाऊकाकांचा राग तुम्हाला सांगायचा राहिलाच. त्यांची मुलगी माधवी अमेरिकेत असते. तिने फोनवरूनच त्यांना बेसबॉल शिकवला. दर रविवारी सकाळी इथे काका फणसाच्या आठळ्या सोलत बसतात, तिकडे ती रात्रीचं जेवण आटोपून बसते, आणि फोन चालू ठेवून दोघं एकच मॅच बघतात.

मग नवा नियम आला. चेंडू टाकणाऱ्याने ठरलेल्या सेकंदांतच टाकायचा, रेंगाळायचं नाही. माधवी खूश. काका मात्र भडकले.

"मेल्यांना घाई कसली? गाडी सुटत्ये काय?"

मी म्हटलं, "काका, मॅच लवकर संपते, बरंच की."

"तुला बरं! मॅच संपली की पोरगी फोन ठेवते."

मी हे गुपचूप माधवीला कळवलं. पुढच्या रविवारी मॅच संपली, तर ती म्हणते, "बाबा, ठेवू नका हां. तो नवा नियम मला काही नीट कळला नाही. जरा समजावून सांगा."

काकांनी चांगलं तासभर समजावलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "अरे, हा नियम तिनेच मला सांगितलेला."

मी एक आठळी उचलून सोलायला घेतली.

"पुढच्या रविवारी मला कळला नाही म्हणून सांगतो."