तबकडी उतरली की

कराडच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर मेढ्याकडची एक आजी आणि कॉलेजातली मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या मोबाइलवर परग्रहवासीयांच्या हल्ल्याचा सिनेमा चालू होता.

"शहरावर तबकडी येती, त्योच न्हवं ह्यो?"

"हो आजी. तुम्ही बघता असले?"

"टीव्हीवर लागत्यात की. पर ह्यो न्हाई आवडत. नुसती इमानं आन् गोळ्या."

"मग कुठला आवडतो?"

"त्यो, रानातल्या घराचा. आई एकटी असती. तबकडी उतरली की पोरगं सगळं सोडून चालत घरी येतंय."

"त्यात तर काहीच होत नाही. दोघं नुसती खोलीत बसून राहतात."

"बसत्यात, एका ताटात जेवत्यात."

"आणि शेवटी ते परग्रहवासी निघून जातात."

"जात्यात. मग पोरगं ऱ्हातंय का, ते काय दावत न्हाईत."

"तुमचा मुलगा कुठं असतो?"

"हितंच, कराडात."

"मग भेटून चाललात?"

"घराला कुलूप व्हतं."

"आधी फोन करायचा ना, आजी."

"लेकाकडं जायाला आदी इचारायचं व्हय? साताऱ्याची गाडी लागली बघ. ती पिशवी दे उचलून. जड हाय, नाचणीचं पीठ हाय त्याच्यासाठी आणल्यालं."