आक्काची चप्पल

वस्तू लपवण्यात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या ओवे गावात कुणी नव्हता. लपवलेली वस्तू नंतर पुष्कळदा मलाच सापडायची नाही, ते सोडा.

लग्न झालेली आक्का माहेरपणाला आली की परत निघायच्या वेळी मी तिची एक चप्पल भाताच्या पेंढ्यात खुपसायचो. शोधता शोधता शेवटची एसटी जायची. आक्का मला दोन धपाटे घालायची आणि आणखी एक रात्र राहायची.

परवा आक्का खारघरला माझ्या पोराच्या फ्लॅटवर आली. ओव्यातलं आमचं घर पाडून टॉवर झाला, त्यानंतर पहिल्यांदाच. दारात तिची निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल दिसली आणि माझे हात शिवशिवले. आता पेंढा कुठून आणू? घातली एक वॉशिंग मशीनमध्ये.

संध्याकाळी आक्का निघाली. एक पाय चपलेत, दुसरा अनवाणी. सूनबाई शोधायला सोफ्याखाली वाकली. तिला एवढी वाकलेली मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितली. मी आपला पंख्याकडे बघत बसलो.

म्हटलं, "आक्का, आता ऱ्हा आजची रात. अनवाणी कुठं जाशील?"

आक्का हसली. सोफ्यामागं गुंडाळून ठेवलेल्या माझ्या अंथरुणाकडे तिनं बघितलं, मग माझ्याकडे.

"बाला, चप्पल पेंढ्यात हाय ते मला तवा पण ठाऊक असायचं. काढत नव्हते, कारण निजायला जागा होती. आता तूच हॉलात निजतोस. दे, चप्पल दे."