जिन्यातली जागा

व्हिसाच्या रांगेत एका वायरमनच्या पुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

“अहो, तिथे तरी मॅच बघाल ना?”

“मी बघितली की आपली विकेट पडते. घरी जिन्यात बसतो, तिथे गेटाबाहेर थांबेन.”

“एवढं विमानाने जाऊन गेटाबाहेर?”

“तू आत ओरडलीस की कळेल मला.”

“अख्खं मैदान ओरडत असेल.”

“जिन्यात बसून तुझ्याच आवाजावर मॅच ऐकत आलोय. बरोबर ओळखेन.”



“ते काही नाही. हरले तर हरले. या खेपेला माझ्या शेजारी बसायचं.”

“बरं बाई, बसतो.”

आता वायरमनला राहवेना.

“काकू, कुठली मॅच तुमची?”

“फायनल.”

“मग हात जोडतो, काकांना बाहेरच राहू द्या. मीपण फायनललाच चाललोय.”